द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय: नऊ फुटी ओळ, काळी जमीन, चार एकर

कादवाकाठ | १८ जानेवारी, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर बाग आहे. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, ९ बाय ५ फुटांवर (ओळींत नऊ, झाडांत पाच), वाय अँगलची, म्हणजे इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर. एक एकर जुनी सोनाका जात, ८ बाय ४, मंडप, म्हणजे डोक्यावर तारांचं छत. जमीन काळी, कालव्याच्या खालची. पाऊस पडला की दोन दिवस पाय रुततो.

आजवर फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालली. शेजारचे काका चांगले आहेत, पण त्यांच्याकडे स्वतःची बाग धरून वीस-बावीस एकरांचं काम असतं. गेल्या ऑक्टोबरात छाटणीनंतर पाऊस लागला, तेव्हा आमचा नंबर तिसऱ्या दिवशी आला. तोवर सोनाक्याच्या खालच्या अंगाला डावणी बुरशी घडांपर्यंत पोचली होती. मे महिन्यापासूनच्या पावसाने घडनिर्मिती आधीच कमी होती, जे होतं त्यातलंही गेलं. वडील त्या एकरात अजून जात नाहीत.

म्हणून यंदा स्वतःचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरतंय. डोक्यात असलेली नावं: जिवो २४५, कुबोटाचे ए२११एन आणि बी२४४१, ओजा २१२७, व्हीएसटी एमटी २७०, जॉन डिअर ३०२८ ईएन. स्वराज टार्गेट ६३० पण कुणी कुणी सुचवतात. प्रत्येक शोरूमवाला आपलाच कसा चांगला ते सांगतो, आणि ऐकताना प्रत्येकाचं पटतं. ज्यांनी बागेत वापरलाय त्यांनी सांगा. काय बघून घ्यावा?

उगावकर | १८ जानेवारी, रात्री १०:०२

भाऊ, सोनाक्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही तेच झालं.

आधी एक काम करा. मोजपट्टी घेऊन उद्याच बागेत जा. आत्ता जानेवारी आहे, घड भरत आलेत, तारा वजनाने खाली आल्यात. छाटणीनंतर मोकळ्या बागेत माप घेतलं तर ते खोटं निघतं. मी तसंच केलं होतं. मे महिन्यात ट्रॅक्टर आरामात फिरला आणि फेब्रुवारीत मडगार्डने घड सोलून काढले.

तीन ठिकाणी माप घ्या. एक, जमिनीवर बोद (झाडांच्या ओळीचा मातीचा उंचवटा) सोडून किती रुंदी उरते ते. तुमची ओळ नऊ फूट असली तरी बोद तीन फुटांचा असेल तर चाकांना सहाच फूट आहेत. दोन, मडगार्डच्या उंचीला दोन्हीकडच्या घडांमधलं अंतर. तीन, मंडपात जमिनीपासून सगळ्यात खाली लोंबणाऱ्या घडापर्यंतची उंची. आठ फुटी ओळीच्या मंडपात रुंदीपेक्षा उंचीच नडते. स्टिअरिंग, सायलेन्सर आणि बसलेल्या माणसाचं डोकं, तिन्ही त्याखालून गेलं पाहिजे. वर जाणारा सायलेन्सर मंडपात घेऊच नका, खालून धूर सोडणारा बघा.

पाना_नंबर_१३ | १९ जानेवारी, सकाळी ७:२५

मी ओझरला गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. बागेतलेच ट्रॅक्टर जास्त येतात. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा कुणीतरी विचारतं.

ट्रॅक्टरची निवड ब्लोअरपासून, म्हणजे टाकी, पंप आणि पंखा असलेल्या फवारणी यंत्रापासून सुरू करा. द्राक्षबागेत छोट्या ट्रॅक्टरचं निम्म्याहून जास्त आयुष्य ब्लोअर ओढण्यात जातं. माणसं उलटं करतात. ट्रॅक्टर आधी घेतात, मग उरलेल्या पैशात ब्लोअर बसवतात आणि मग पंखा ओढत नाही म्हणून माझ्याकडे येतात.

आता एचपीचं. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. पंखा आणि पंप चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारासाठी फिरणाऱ्या शाफ्टवर, आणि पीटीओला मिळणारी ताकद त्याहून कमी असते. किती कमी, हे प्रत्येक गाडीत वेगळं. दोन ट्रॅक्टर कागदावर सारखेच २४ एचपीचे असतील, पण पीटीओला त्यांच्यात चांगला फरक असू शकतो. विक्रेत्याला पीटीओ एचपी विचारा आणि छापील कागद मागा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रं तपासणारी संस्था आहे, तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता सगळं असतं. तो अहवाल दाखवायला सांगा. चांगला विक्रेता दाखवतो.

लिफ्टबद्दल, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकबद्दल. तुम्ही लिहिलेल्या नावांपैकी जिवो २४५, ए२११एन आणि बी२४४१ ची लिफ्ट साडेसातशे किलोची आहे. आता ६०० लिटरचा ब्लोअर धरा. पाणीच ६०० किलो झालं, वर टाकी, पंप, पंखा, सांगाडा. म्हणजे हा ब्लोअर लिफ्टवर उचलायचा विचार सोडा, तो चाकांवरचा, मागे ओढायचाच घ्यायला लागेल. लिफ्टवर बसवायचा तर २०० ते ४०० लिटरमध्ये राहा. आणि साडेसातशेचा आकडा लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. वजन जितकं मागे जाईल तितकी उचलायची ताकद घटते आणि पुढची चाकं हलकी होतात. चढाला ते धोक्याचं आहे.

तिसरी गोष्ट क्लच. ही बाब शोरूममध्ये कुणी काढत नाही म्हणून नीट वाचा. साध्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की गाडी थांबते आणि पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला तुम्ही गिअर बदलायला क्लच दाबला, पंख्याचा वेग उतरला, पंपाचा दाब उतरला. क्लच सोडला की भरवेगात पंख्याला पुन्हा झटका. तुमची ओळ दोनशे फुटांची धरली तर एकरी २४ ओळी, चार एकरांत शंभराच्या आसपास वळणं. तेवढे झटके एका फवारणीत. गिअरबॉक्सचे दात आणि पीटीओ शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट त्यानेच जातात. पीटीओचा क्लच वेगळा असलेली गाडी बघा. निदान डबल क्लच तरी पाहिजेच. ओजाला पुढे-मागे जायचा शटल लिव्हर आहे, १२ पुढचे १२ मागचे गिअर. डिअरच्या ३०२८ ला ८ आणि ८. वळणावर मागे-पुढे करायला हे फार सोयीचं पडतं.

दोन सिलिंडर की तीन, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. जिवो दोन सिलिंडरची, कुबोटा तीनची, एमटी २७० तर चार सिलिंडरची आहे. सिलिंडर जास्त तशी थरथर कमी, गाडी मऊ चालते. सलग तीन-चार तास बसणाऱ्याच्या पाठीला फरक पडतो. पण दोन सिलिंडरचं इंजिन उघडायला सोपं आणि कमी आरपीएमला जोर चांगला देतं. माझ्या मते हा मुद्दा क्लच आणि पीटीओच्या खूप मागचा आहे.

कादवाकाठ | १९ जानेवारी, दुपारी १:४०

पानादादा, क्लचचं आज पहिल्यांदा कळलं. मनापासून आभार.

सकाळी वडिलांना घेऊन बागेत गेलो. उगावकर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही मापं घेतली. वायच्या ओळीत मडगार्डच्या उंचीला एका ठिकाणी १२२ सेंटिमीटर मिळतात, पण सगळ्यात अडचणीच्या ओळीत ११४. वडिलांनी ११४ ची बांबूची काठी कापली आणि म्हणाले, ही शोरूममध्ये घेऊन जा, कॅटलॉगवर विश्वास ठेवू नको. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी बागेच्या कामात असं मन घातलं.

बागलाणचा_अर्ली | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

हल्ली सगळे फोर व्हील ड्राइव्हच (चारही चाकांना ओढ) सुचवतात म्हणून दुसरी बाजू मांडतो. सटाण्याकडे आमची जमीन मुरमाड, पाणी थांबत नाही. दहा वर्षं टू व्हील ड्राइव्ह बागेच्या ट्रॅक्टरवर काम करतोय, एकदाही अडलो नाही. पुढचा एक्सल साधा, ऑइल सील नाहीत, वळताना पुढची चाकं माती खरवडत नाहीत, किंमतही कमी. वाचलेल्या पैशात चांगला ब्लोअर आला. गरज नसताना चार चाकांचे पैसे कशाला घालायचे?

उगावकर | १९ जानेवारी, रात्री ८:५०

बागलाणदादा, तुमच्या मुरमात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण कादवाकाठ भाऊंची काळी जमीन आहे, कालव्याखालची. आणि त्यांचं नुकसान कशाने झालं ते बघा. पाऊस उघडल्यावर ट्रॅक्टर बागेत वेळेवर गेला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून (कोंब फुटण्यापासून) फुलोऱ्यापर्यंतचे चाळीस-पन्नास दिवस डावणीसाठी सगळ्यात नाजूक. पान ओलं राहिलं की बुरशी तुमच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसत नाही. वर्षातले तीनशे दिवस टू व्हील चालेल, पण ज्या दहा सकाळी बाग वाचते किंवा जाते, त्या सकाळी चिखलात ६०० लिटर ओढून नेणारी गाडी पाहिजे.

वजनाचाही विचार करा. ओल्या काळ्या जमिनीत जड ट्रॅक्टर नेला की चाकोरीखाली माती दाबली जाते, पांढऱ्या मुळीला हवा मिळत नाही. मोठ्या ट्रॅक्टरने एका पावसाळ्यात केलेली चाकोरी मी पुढे तीन वर्षं फोडत होतो. म्हणून हलकी आणि चारही चाकांना ओढ असलेली, असं माझं म्हणणं.

बागलाणचा_अर्ली | १९ जानेवारी, रात्री ९:३०

पटलं. ओल्या दिवसांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कारण आमच्याकडे तासाभरात वाफसा येतो. कादवाकाठ, तुम्ही फोर व्हीलच घ्या.

बागेतली | २० जानेवारी, सकाळी ६:३०

मी निफाड तालुक्यातून. पाच वर्षं बागेची फवारणी मीच करते, मिस्टर नोकरीला आहेत. पुरुष मंडळी सांगत नाहीत अशा काही गोष्टी लिहिते.

शोरूममध्ये गाडीवर नुसतं बसून बघू नका, क्लच पन्नास वेळा दाबून बघा. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्या पसंतीच्या गाडीत क्लच पूर्ण दाबायला मला सीटच्या टोकावर सरकावं लागायचं. कागदावर ती गाडी उत्तम होती, पण मी ती चार तास चालवूच शकले नसते. सीट पुढे-मागे होते का, पॉवर स्टिअरिंग आहे का, लिव्हर मांडीत येतात की बाजूला, हे ज्याला चालवायचंय त्याने बघावं. तुमच्या घरात कोण चालवणार आहे, त्याला घेऊन जा.

पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर कुणीही काढू नका. ग्रीस भरायला अडचण होते म्हणून पहिल्या महिन्यात काढून फेकतात. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. ओढणी, उपरणं, सुटा शर्ट, काहीही त्यात सापडलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. मी हे पोटतिडकीने लिहितेय कारण आमच्या वस्तीवर एक मुलगा यात जन्माचा अधू झाला.

आणि औषधाचं. या छोट्या ट्रॅक्टरना केबिन नसते, ब्लोअरचा सगळा तुषार वाऱ्याने चालवणाऱ्यावर येतो. साधा रुमाल कामाचा नाही, कार्ट्रिजचा मास्क आणि चष्मा घ्या. आठ लाखांच्या खरेदीत तो खर्च काहीच नाही.

माळरान | २० जानेवारी, सकाळी ११:१०

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चार एकरांना सहा लाखांचा ट्रॅक्टर आणि वर ब्लोअर, हे गणित बसतं का? कर्ज काढून घेणार असाल तर हप्ता द्राक्षाच्या भावावर आणि भाव व्यापाऱ्यावर. माझ्या भावाने असंच घेतलं आणि दोन हंगाम बसल्यावर निम्म्या किमतीत विकलं. त्यापेक्षा दोघा-तिघांत मिळून घ्या, नाहीतर भाड्यावाल्याशी आधी बोलून नंबर पक्का करा.

कादवाकाठ | २० जानेवारी, रात्री ९:४५

माळरानदादा, राग कसला. हाच प्रश्न घरात रोज चाललाय, म्हणून वही काढून बसलो. इथे मांडतो, चुकलं तर सांगा.

गेल्या वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबर दोन्ही छाटण्या धरून ४२ फवारण्या झाल्या. आम्ही एकरी ६०० रुपये भाडं दिलं. चार एकर गुणिले ४२, म्हणजे १,००,८०० रुपये.

स्वतःच्या ट्रॅक्टरचा वेळ असा काढला: एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले नऊ फुटी ओळ, आलं ४,८४० फूट, जवळपास १,४७५ मीटर. ताशी चार किलोमीटरने २२ मिनिटं. वळणांची दहा धरली. चार एकरांना दोन तास आणि थोडं वर. मंडपाची ओळ आठ फुटी आहे, तिथे पाच मिनिटं जास्त जातील. भर पानात एकरी ४०० लिटर पाणी, म्हणजे ६०० च्या तीन टाक्या, प्रत्येक भरायला पंधरा मिनिटं. एकूण तीन तास. डिझेल तासाला अडीच लिटर धरलं तर एका फवारणीला साडेसात लिटर, ४२ ला ३१५ लिटर, नव्वदच्या भावाने २८,३५० रुपये.

म्हणजे वर्षाला वाचतात बहात्तर हजार. यात ऑइल, फिल्टर, टायर धरलेले नाहीत. ट्रॅक्टर आणि ब्लोअर मिळून साडेआठ लाखांच्या घरात जातंय. नुसत्या भाड्याच्या बचतीवर हप्ता निघत नाही, हे तुमचं खरं आहे. मी ते वडिलांनाही सांगितलं.

पण तीन तास हा आकडा बघितल्यावर माझं मन ठरलं. पाऊस पहाटे उघडला तर नऊ वाजेपर्यंत माझी चारही एकर झाकलेली असतील. गेल्या ऑक्टोबरात मला तिसरा दिवस मिळाला होता. त्या एका एकरात जे गेलं ते दोन वर्षांच्या भाड्याहून जास्त होतं.

मिळून घ्यायचं म्हणाल तर पाऊस सगळ्यांच्या बागेत एकाच रात्री पडतो, सगळ्यांना ट्रॅक्टर त्याच सकाळी पाहिजे. भाड्याच्या बाबतीत अडचण तीच होती.

माळरान | २० जानेवारी, रात्री १०:३०

शेवटचं वाक्य बिनतोड आहे. मग एवढंच सांगतो, हप्ता सहामाही किंवा वार्षिक बांधून घ्या, माल निघाल्यानंतरच्या महिन्याचा. दरमहाचा घेऊ नका. द्राक्षवाल्याला जून-जुलैत पैसा दिसत नाही.

बागेतली | २१ जानेवारी, सकाळी ६:५०

अनुदानाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ट्रॅक्टरला महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना किमतीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख रुपये मिळतात. इतरांना ४० टक्के, कमाल एक लाख. तुमची चार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, तेव्हा सातबारा त्याप्रमाणे असेल तर तुम्ही सव्वा लाखात बसता. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला पाहिजे. पूर्वी सोडत निघायची, आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे, म्हणून अर्ज आजच टाका.

सगळ्यात महत्त्वाचं: पूर्वसंमती पत्र हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर उचलू नका, बिलही करू नका. आधी खरेदी, मग अर्ज, असं चालत नाही. माझ्या नणंदेने दसऱ्याचा मुहूर्त साधला आणि सव्वा लाख घालवले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ब्लोअर, रोटाव्हेटरचाही १२ वरून ५. ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर आलेत. कोटेशन घेताना कर वेगळा लिहून घ्या.

शेततळं | २१ जानेवारी, दुपारी १२:२०

जुना चालेल का यावर कुणी बोलेल का? आमच्या गावात व्हीएसटी शक्तीचे जुने मित्सुबिशी, ते १८ एचपीचे, अजून बागांत फिरतात. स्वस्त मिळतोय एक. बाग दोन एकर.

पाना_नंबर_१३ | २१ जानेवारी, रात्री ८:००

दोन एकर, आठ-नऊ फुटी ओळ आणि छोटा ब्लोअर असेल तर चालेल. त्या गाड्यांनी नाशिकची बाग वाढवली असं मी म्हणेन. बैलाच्या पाळीवरून आणि पाठीवरच्या पंपावरून लोक थेट त्यावर आले. फक्त ६०० लिटरचा दोन पंख्यांचा ब्लोअर त्याच्यामागे लावू नका, इंजिनचा जीव जाईल.

बघताना थंड इंजिन चालू करायला सांगा. विकणारा आधीच गरम करून ठेवतो. डिपस्टिक काढून तिथून धूर येतो का बघा. लिफ्टवर वजन टाकून उचला, इंजिन बंद करा, अर्धा तास चहा घ्या, परत येऊन बघा किती खाली आली. पुढच्या एक्सलच्या सीलमधून ऑइल पाझरतं का, खाली वाकून हात लावून बघा. आणि कागद आणि चासी नंबर जुळतो का हे पैसे देण्याआधी.

उगावकर | २२ जानेवारी, सकाळी ९:१५

सर्व्हिसबद्दल माझा अनुभव लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडी चांगली होती, अडचण माझ्या गावापासून विक्रेता लांब होता ही. डिसेंबरात मणी वाढायच्या वेळी हायड्रॉलिकचं एक सील गेलं. सील तळहातावर मावेल एवढं. ते यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस भाड्याच्या गाडीमागे फिरलो, दारात स्वतःचा ट्रॅक्टर उभा असताना.

तेव्हापासून मी म्हणतो, शोरूममध्ये जायच्या आधी त्यांच्या मागच्या बाजूला जा. वर्कशॉप कुठे आहे, पार्टचं कपाट किती भरलेलं आहे, मेकॅनिक किती आहेत. ऑक्टोबर ते जानेवारी रविवारी कुणी येतं का, हे सरळ विचारा. आणि तुमच्या गावातल्या तीन जणांकडे जी गाडी आहे तिला जास्त गुण द्या. अडचणीत पार्ट शेजाऱ्याकडूनही मिळतो.

बागलाणचा_अर्ली | २२ जानेवारी, दुपारी २:३०

एक भर. ब्लोअरशिवाय काय काय करणार तेही ठरवा. आम्ही आता रोटाव्हेटर बागेत फारसा घालत नाही, वरची मुळी तुटते. गवत कापून तिथेच टाकतो आणि छाटणीच्या काड्यांची कुट्टी करतो. कुट्टी मशीनला पीटीओला जोर लागतो, एकवीस एचपीची गाडी जाड काडीला दम टाकते. ते करायचं असेल तर सत्तावीसच्या आसपास जा. आणि कॅरेट भरलेली ट्रॉली वणी-सापुतारा रस्त्याच्या चढावर या गाड्यांनी ओढायची नाही. मागचं वजन गाडीलाच मागे खेचतं. त्याला पिकअप बोलवा.

कादवाकाठ | २९ मार्च, रात्री ९:००

मंडळी, मध्ये माल काढायचा होता म्हणून लिहिता आलं नाही. आता सविस्तर.

काठी घेऊन पाच शोरूम फिरलो. दोन गाड्या काठीतच बाद झाल्या. त्यातल्या एकीची कॅटलॉगमधली रुंदी बसत होती, पण ती अरुंद टायरवरची होती. समोर उभी होती ती रुंद टायरची.

उरलेल्या तीन गाड्यांचा डेमो बागेतच मागितला. दोघांनी लगेच हो म्हटलं, एकाने शोरूममागच्या मैदानात दाखवतो म्हणून सांगितलं, त्याला नमस्कार केला. ब्लोअर काकांकडून आणला, पूर्ण ६०० लिटर भरून. आदल्या रात्री खालच्या अंगाच्या चार ओळींत पाणी सोडून ठेवलं होतं, ऑक्टोबरसारखा चिखल व्हावा म्हणून. ही कल्पना वडिलांची. विक्रेत्याचा मुलगा आधी बिचकला, मग तोच म्हणाला की असा डेमो सगळ्यांनी मागायला पाहिजे.

पहिली गाडी दोन सिलिंडरची. चिखलातून निघाली, जोर छान. पण टोकाला वळताना ब्लोअरचा जॉइंट खडखड करत होता, कारण आमची बांधाकडची जागा कमी पडत होती. पीटीओ न थांबवता वळायचं तर निदान पंधरा फूट पाहिजेत. आमच्याकडे अकरा. म्हणजे दोष गाडीचा नव्हता, आमच्या बागेचा. त्याच दिवशी प्रत्येक ओळीचं शेवटचं झाड काढायचा विचार सुरू झाला. वडिलांना झाड काढायचं जिवावर आलं, पण पुढच्या डेमोच्या आधी तेच म्हणाले, काढू.

दुसरी गाडी तीन सिलिंडरची, पीटीओचा क्लच वेगळा, शटल लिव्हर. तशाच चिखलात पुढची चाकं थोडी घसरली, पण थांबली नाही. वळणावर फरक स्वच्छ कळला. पंखा एका सुरात चालू राहिला. मंडपात मी बसलो तर डोकं ताराच्या खाली चार बोटं. बायकोनेही चालवली. बागेतली ताई, तुमची पोस्ट तिने वाचलीय, क्लच मोजून पन्नास वेळा दाबला.

एक गोष्ट कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हती. ५४० आरपीएम पीटीओला मिळावा एवढं इंजिन चढवलं की कुठल्या गिअरला गाडी कितीने पळते, हे बघावं लागतं. पहिल्या गाडीत एक गिअर ताशी अडीचचा, पुढचा थेट साडेपाचचा. आम्हाला तीन-चार पाहिजे होता, भर पानात औषध आतपर्यंत जाण्यासाठी. दुसरीत तो मधला गिअर सापडला. शंभर मीटर दोरीने मोजून, घड्याळ लावून बघितलं.

दुसरीच घेतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही. जमीन, ओळ, उंची बदलली की उत्तर बदलेल, आणि माझ्या नावावर कुणी डोळे झाकून घ्यायला नको. वर्कशॉप आमच्यापासून बारा किलोमीटरवर. पूर्वसंमतीसाठी अर्ज २२ जानेवारीलाच टाकला होता.

पाना_नंबर_१३ | २९ मार्च, रात्री ९:४०

गिअरचा वेग दोरीने मोजणारा पहिला गिऱ्हाईक बघितला. हे सगळ्यांनी करा.

माळरान | ३० मार्च, सकाळी ७:१५

अभिनंदन. सोनाक्याचं काय करणार?

कादवाकाठ | ३० मार्च, सकाळी ७:५०

ठेवणार. वडील काल संध्याकाळी त्या एकरात जाऊन आले. खरड छाटणी पंधरा एप्रिलला धरलीय, काड्यांची कुट्टी तिथेच करायची.

कादवाकाठ | २१ मे, संध्याकाळी ७:३०

पूर्वसंमती आली, बिल झालं, आज गाडी दारात. जीपीएसवाला फोटो आणि बिल पोर्टलवर टाकलंय. पानादादा, सुरुवातीला काय काळजी घ्यायची?

पाना_नंबर_१३ | २१ मे, रात्री ८:२०

पहिले पन्नास तास पूर्ण ताण देऊ नका, पण नुसती उभी करून रेसही करू नका. ब्लोअर अर्धा भरून चालवा. पन्नास तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, पुढच्या एक्सलचं ऑइल बघा, चाकांचे नट आवळा. ते सुटतातच. एअर क्लीनर रोज झटका, मेमध्ये तुमच्याकडे फुफाटा असतो. मृगाच्या आधी एकदा ओझरला घेऊन या, जॉइंटची लांबी बघून देतो. शाफ्ट जरा जरी लांब असला तर वळताना पीटीओच्या बेअरिंगला ठोकतो.

बागेतली | २१ मे, रात्री ८:४५

आणि शाफ्टचं कव्हर लावलेलं राहू द्या.

कादवाकाठ | २१ मे, रात्री ९:०५

लावलेलंच आहे ताई. ग्रीस भरायला वडिलांनी कव्हरमध्ये बोटभर खिडकी कापून तिला झाकण बसवलंय. उद्या सकाळी अर्धी टाकी भरून सोनाक्यात जातोय.